डीटी मामा, डीडी कऱ्हाड

एचटीएमएलमध्ये यादी करण्याचे तीन मार्ग आहेत. यूएल म्हणजे ठिपके लावलेली यादी, ओएल म्हणजे आकडे लावलेली यादी आणि तिसरी डीएल. पहिल्या दोघींना सगळं गाव ओळखतं. तिसरीचं नाव काढलं की वर्षानुवर्षं वेबसाइटी बनवणारी माणसंसुद्धा ‘हो हो, ती... माहितीये ना’ असं म्हणत चहाचा कप तोंडाला लावतात आणि विषय बदलेपर्यंत खाली ठेवत नाहीत.

वास्तविक तिच्यात अवघड असं काही नाही. डीएल ही बाहेरची चौकट. तिच्या आत डीटी, म्हणजे कशाबद्दल बोलायचंय ते. आणि पाठोपाठ डीडी, म्हणजे त्याबद्दल काय बोलायचंय ते. एका डीटीला चार डीडी असू शकतात, दोन डीटी मिळून एकाच डीडीवर भागवू शकतात. डीटी आधी, डीडी मागून, हा क्रम तेवढा मोडायचा नाही. संपलं. महाराष्ट्रात हे समजायला शिकवणी लावावी लागत नाही, कारण लग्नाचा बायोडाटा नावाचा कागद घराघरात कपाटाच्या लॉकरमध्ये, नाहीतर मोबाइलच्या गॅलरीत पडलेला असतो आणि वरचं ‘श्री गणेशाय नमः’ सोडलं तर तो अथपासून इतिपर्यंत निव्वळ डीएल असतो. नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, रास, नक्षत्र, नाडी, गण, देवक, कुलदैवत, उंची, वर्ण, रक्तगट, शिक्षण, नोकरी, मामा, नातेसंबंध, अपेक्षा. डावीकडे बाब, उजवीकडे तपशील. हे आपण एचटीएमएल जन्माला यायच्या आधीपासून लिहीत आलोय, फक्त त्याला टॅग लावत नव्हतो.

बरं, डीएल काही आगंतुकही नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१च्या अखेरीस सर्नमध्ये बसून एचटीएमएलच्या टॅगांचा जो पहिला कागद लोकांसमोर ठेवला, त्यात जेमतेम अठरा टॅग होते आणि त्या अठरांत डीएल, डीटी, डीडी हे त्रिकूट होतं. शब्द आणि त्यांचे अर्थ मांडायला त्याचा उपयोग व्हावा अशी कल्पना होती. चित्र दाखवायचा टॅग मात्र त्या कागदात नव्हता. तो यायला १९९३ उजाडावं लागलं. म्हणजे वेबच्या पहिल्या दीड-दोन वर्षांत मुलीची रास, नाडी, गण, देवक सगळं रीतसर पाठवता आलं असतं, फक्त सोबत फोटो मागता आला नसता. कित्येक स्थळं त्या काळात जमून गेली असती.

पुढे समित्यांनी तिच्या कामाचं स्वरूप ठरवताना बराच घोळ घातला. २४ डिसेंबर १९९९ला एचटीएमएल ४.०१ जाहीर झालं, तेव्हा तिचं नाव ‘डेफिनिशन लिस्ट’ होतं. पण त्याच दस्तऐवजात असंही सुचवलं होतं की हिच्यात संवादही लिहिता येतील, डीटीत बोलणारा आणि डीडीत त्याचं बोलणं. मग एचटीएमएल ५च्या मसुद्यात संवादांसाठी ‘डायलॉग’ नावाचा स्वतंत्र टॅग आला, त्याच्या पोटात हेच डीटी-डीडी बसवले, मग तो टॅगच काढून टाकला आणि काही वर्षांनी त्याच नावाचा टॅग पुन्हा आणला तो ‘नक्की डिलीट करायचंय का?’ असं विचारत पडद्यावर आडवी येणाऱ्या चौकटीसाठी. २०१४ साली एचटीएमएल ५ पक्कं झालं तोवर डीएल ‘डिस्क्रिप्शन लिस्ट’ झाली होती आणि संवादांना तिच्या घरात मनाई होती. आद्याक्षरं तीच राहिल्यामुळे कुणाला एक अक्षर बदलावं लागलं नाही, आणि बहुतेकांना काही बदललंय याचा पत्ताही लागला नाही.

तर अशा या दुर्लक्षित डीएलचे पांग फिटतील असं काम आमच्याकडे आलं. तालुक्याच्या गावचं एक वधूवर सूचक मंडळ. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणतात, त्यांचे यजमानसुद्धा. काकूंकडे कपाटभर फायली होत्या, फायलींत बायोडाटे होते आणि प्रत्येक बायोडाटा आपापल्या तंत्राने चालणारा. कुणाकडे गोत्र, कुणाकडे देवक, कुणाकडे ‘बागायत शेती’ ही बाब रक्तगटाच्या वर. एका कागदावर ‘दुचाकी’ ही बाब होती आणि समोर गाडीचा नंबर. असल्या मजकुराला ठरावीक रकान्यांचं टेबल पुरत नाही. बाबीही बदलत्या, तपशीलही बदलते. हे डीएलचंच काम.

आमच्याकडच्या धाकट्या प्रोग्रॅमरने तोवर सगळं डिवमध्ये करून ठेवलं होतं. डिव म्हणजे ज्याला स्वतःचा काहीही अर्थ नाही असा टॅग. नाव एका डिवमध्ये, नावाचा तपशील दुसऱ्या डिवमध्ये, दोघं तिसऱ्या डिवमध्ये आणि तो चौथ्यात. मी डीएलचं सुचवल्यावर तो म्हणाला, ‘‘कशाला दादा? क्लास लावला की तसंच दिसतं.’’

या एका वाक्यावर अर्धं वेब उभं आहे. क्लास हा टॅगच्या अंगावर चिकटवायचा गुणधर्म. त्यात मध्ये स्पेस सोडून कितीही नावं लिहा, आणि सीएसएसच्या फाइलीत त्या त्या नावाला काय रंग, काय रूप द्यायचं ते सांगा. होकॉन विउम ली यांनी १९९४च्या ऑक्टोबरात सीएसएसचा प्रस्ताव मांडला, पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६मध्ये पहिली आवृत्ती पक्की झाली. मजकूर काय आहे ते एचटीएमएलने सांगावं आणि तो कसा दिसावा ते सीएसएसने, अशी सरळ वाटणी होती. क्लासला नाव देताना मजकुराचं स्वरूप सांगणारं द्या, दिसण्याचं वर्णन करणारं नको, असं एचटीएमएलच्या मानकात आजही लिहिलेलं आहे. ते वाक्य लोक ‘लग्नात आहेर आणू नयेत’ हे वाक्य वाचतात त्या गांभीर्याने वाचतात.

पण ‘तसंच दिसतं’ हे दिसणाऱ्याचं झालं. ज्याला पान ऐकावं लागतं त्याचं काय? डिवच्या ढिगाऱ्यात स्क्रीन रीडर ‘मंगळ, नाही, रक्तगट, ओ पॉझिटिव्ह’ असे शब्द ओळीने म्हणत जातो. त्यातला ‘नाही’ हा मंगळाचा की रक्तगटाचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. डीएल वाचण्याच्या स्क्रीन रीडरांच्याही तऱ्हा वेगवेगळ्या आहेत, पण निदान कशाचं उत्तर काय आहे याची खूण पानात असते. मंगळाच्या बाबतीत एवढी खूण फार महत्त्वाची. मुलगा कबूल झाला. त्याने सगळे डिव उपसून डीएल, डीटी, डीडी बसवले, पान उघडलं आणि म्हणाला, ‘‘हे बघा! वाकडं झालं.’’

वाकडं झालं नव्हतं. प्रत्येक ब्राउझरच्या पोटात त्याची स्वतःची एक स्टाइलशीट असते आणि तिच्यात डीडीला सुरुवातीच्या बाजूने चाळीस पिक्सेल आत सरकवायचं ठरलेलं असतं. त्यामुळे कुणी काही न सांगताही डीडी डीटीच्या खाली, जरा आत, अदबीने उभा राहतो. शब्दकोशासाठी हे ठीक आहे. बायोडाटात मात्र तपशील बाबीच्या खाली आला की कागद दुप्पट लांब होतो, आणि काकूंच्या मते लांब बायोडाटा वाचून लोकांना वाटतं की मुलाचं वय जास्त असणार. ‘‘शेजारी शेजारी हवं,’’ काकू म्हणाल्या, ‘‘नाव इकडे, माहिती तिकडे.’’

शेजारी शेजारी! या दोन शब्दांपायी वेबवाल्यांची एक पिढी म्हातारी झाली. पूर्वी डीटीला डावीकडे तरंगवायचे, त्याला ठरावीक रुंदी द्यायचे आणि डीडीला तेवढा समास सोडायला लावायचे. ‘नाव’, ‘रास’, ‘उंची’ इथवर सगळं गुण्यागोविंदाने चालायचं. मग ‘जन्मवेळ व जन्मस्थळ (तालुका व जिल्ह्यासह)’ अशी एखादी बाब यायची, ती तीन ओळींची व्हायची, समोरचा ‘सकाळी ६.१०, मिरज’ एका ओळीत संपायचा आणि खालचा डीडी वर सरकून मोकळी जागा बळकवायचा. आता ग्रिड आहे. डीएलला ग्रिड म्हणून जाहीर करायचं, दोन स्तंभ आखायचे, पहिला बाबीला लागेल तेवढा आणि उरलेलं सगळं दुसऱ्याला. ग्रिड आपली एकेक पोर उचलून एकेका खणात ठेवत जातं: डीटी, डीडी, डीटी, डीडी.

हे ज्या बायोडाटावर करून पाहिलं त्याला दोन मामा होते.

एका डीटीला दोन डीडी असायला मानकाची काही हरकत नाही हे वर आलंच आहे. पण ग्रिडला कुणी सांगितलं नव्हतं की डीडी नेहमी उजवीकडे. ते खण भरत गेलं. ‘मामा’ डावीकडे, ‘सातारा’ उजवीकडे. पुढचा खण डावीकडचा, त्यात दुसरा मामा ‘कऱ्हाड’ जाऊन बसला. त्याच्या उजवीकडे ‘उंची’. तिथून पुढे सगळा बायोडाटा एकेक घर सरकला. पडद्यावर दिसत होतं ते असं: ‘कऱ्हाड – उंची’, ‘५ फूट ७ इंच – वर्ण’, ‘गहूवर्णी – रक्तगट’, ‘बी पॉझिटिव्ह – शिक्षण’, ‘बी.ई. मेकॅनिकल – व्यसन’. काकूंनी चष्मा वर करून शेवटच्या ओळीकडे बराच वेळ बघितलं. ‘‘हे खरंय,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण असं लिहायचं नसतं.’’

उपाय दोन ओळींचा होता: डीटी कायम पहिल्या स्तंभात, डीडी कायम दुसऱ्या. दुसरा मामा निमूटपणे पहिल्या मामाखाली गेला. याला क्लास लागत नाही, आयडी लागत नाही, काही लागत नाही. नुसत्या टॅगच्या नावावर सगळं भागतं, कारण काय कशाचं आहे हे डीएलला आधीच ठाऊक असतं. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते ऐकायला आमच्या ऑफिसात कुणालाही वेळ नाही.

कारण पान छापून बघितल्यावर ‘अपेक्षा’ हा डीटी पहिल्या कागदाच्या तळाशी एकटा राहिला आणि अपेक्षा दुसऱ्या कागदावर गेल्या. एखादी जोडी मध्येच तुटू नये म्हणून ती एका पाकिटात घालावी लागते, आणि ते पाकीट म्हणजे तोच डिव. डीएलच्या आत डिव ठेवणं पूर्वी नियमबाह्य होतं. डिसेंबर २०१७च्या एचटीएमएल ५.२मध्ये त्याला रीतसर परवानगी मिळाली. (अट अशी की डिव थेट डीएलच्याच आत हवा, डिवच्या पोटात पुन्हा डिव चालत नाही.) धाकट्याला हे सांगितलं तेव्हा तो ‘मी म्हणत होतो ना’ अशा चेहऱ्याने संध्याकाळपर्यंत हिंडला. डिव मध्ये आल्यावर ग्रिडचे स्तंभ पुन्हा विस्कटले, ते सबग्रिड वापरून जुळवले. सबग्रिड सगळ्या मोठ्या ब्राउझरांत यायला २०२३ साल लागलं, म्हणून काकूंचं काम त्याच्या आधी आलं नाही हे बरंच झालं.

मग क्लासांचा पाऊस सुरू झाला.

मंगळ असलेल्यांचा मंगळ लाल दिसावा असं काकूंचं म्हणणं पडलं. त्या डीडीला क्लास लागला, ‘लाल’. आठवडाभरात मुलींच्या आयांचे फोन आले. लाल काढून हिरवा केला. क्लासचं नाव ‘लाल’च राहिलं, कारण तोवर ते पानापानांवर पसरलं होतं. आज त्या फाइलीत ‘लाल’ म्हणजे हिरवा अशी नोंद आहे आणि नवीन आलेला प्रत्येक प्रोग्रॅमर ती दुरुस्त करायला जातो. ‘डावी-बाजू’ हा क्लास मोबाइलवर वरच्या बाजूला असतो. नोकरीच्या पॅकेजचा आकडा उठून दिसावा म्हणून ‘ठळक’ आला. मग पॅकेज आणि पर्मनंट दोन्ही असलेल्यांसाठी ‘जास्त-ठळक’. सरकारी नोकरीसाठी ‘खरंच-ठळक’. मग काकूंच्या लक्षात आलं की सगळंच ठळक झालंय, म्हणून ‘ठळक-नको’ हा क्लास आला आणि तो ‘ठळक’च्या शेजारीच, त्याच डीडीवर बसला.

२००५ साली इयान हिक्सन यांनी गूगलमध्ये असताना अब्जावर वेबपानं चाळून लोक क्लासला काय काय नावं देतात ते मोजलं होतं. ‘फूटर’ हे नाव सगळ्यांत पुढे होतं. ‘मेन्यू’, ‘हेडर’, ‘नॅव’ हीदेखील वरच्या मंडळींत होती. लोक एवढं एकमुखाने बोलतायत म्हटल्यावर पुढे एचटीएमएल ५मध्ये फूटर, हेडर, नॅव हे खरेखुरे टॅग होऊन आले. असलीच पाहणी आमच्या ऑफिसच्या फाइलींची झाली तर एचटीएमएलच्या पुढच्या आवृत्तीत ‘ठळक-नवीन-फायनल-२’ हा टॅग येईल.

आता प्रश्न असा की ‘ठळक’ आणि ‘ठळक-नको’ एकाच अंगावर असताना चालायचं कुणाचं? याला सीएसएसमध्ये स्पेसिफिसिटी म्हणतात आणि पुस्तकांत तिचे तीन आकड्यांचे हिशेब दिलेले असतात. ज्याने लग्नातलं मानपान जवळून पाहिलंय त्याला आकड्यांची गरज नाही. आयडी म्हणजे व्याही. एकच असतो आणि एकटाच सगळ्यांना भारी पडतो. क्लास म्हणजे नावानिशी आमंत्रण दिलेले पाहुणे. नुसता टॅग म्हणजे सहकुटुंब सहपरिवार आलेलं गाव. गावातली हजार डोकी एकत्र आली तरी नावानिशी बोलावलेल्या एका पाहुण्याचं ताट ओढू शकत नाहीत, आणि हजार पाहुणे मिळून व्याह्यांना पंगतीतून उठवू शकत नाहीत. दोघांचा मान सारखाच निघाला तर स्टाइलशीटमध्ये जो शेवटी बोलला त्याचं खरं. डीडीच्या अंगावर क्लास कुठल्या क्रमाने लिहिलेत याला काडीची किंमत नाही. ‘ठळक-नको’ नंतर लिहिला म्हणून तो जिंकेल अशी आशा धाकटा बाळगून होता आणि ती रोज नव्याने मोडत होती.

आणि मग येतो उद्गारचिन्ह लावलेला ‘इंपॉर्टंट’. हे म्हणजे मांडवाच्या दारात रुसून बसलेले आत्याचे यजमान. त्यांच्यापुढे व्याह्यांचंही काही चालत नाही. त्यांची समजूत काढायला दुसरा रुसलेलाच आणावा लागतो आणि तो पहिल्यापेक्षा मानाने मोठा, नाहीतर बरोबरीचा पण मागून बोलणारा हवा. आमच्या फाइलीत एका टप्प्यावर पंक्तीत जेवणाऱ्यांपेक्षा रुसलेलेच जास्त झाले.

यावर इलाज म्हणून धाकट्याने आधी बेम पद्धत आणली. यांडेक्स या रशियन कंपनीत निघालेली ही रीत सांगते की क्लासच्या नावातच सगळी वंशावळ लिहा: बायोडाटा, दोन अंडरस्कोर, पगार, दोन डॅश, ठळक. वाद मिटले, पण एकेक नाव एवढं लांब झालं की ते तपशिलापेक्षा मोठं दिसायला लागलं. रक्तगट ‘ओ पॉझिटिव्ह’, आणि त्याच्या क्लासला दीड ओळ. मग त्याने टेलविंड लावलं. त्यात प्रत्येक लहानसहान रूपाला तयार क्लास: समासाला एक, जाडीला एक, रंगाला एक, मोबाइलवरच्या समासाला आणखी एक. एका डीटीच्या अंगावर बारा-बारा क्लास चढले. आतमध्ये शब्द होता ‘गण’. टेलविंडवाल्यांचा त्यामागे विचार आहे आणि मोठ्या टीममध्ये तो उपयोगी पडतो हे मी मान्य करतो. पण दोन अक्षरी गणाला मुंडावळ्या, शेला, फेटा, कट्यार सगळं घालून उभं केलेलं बघवत नव्हतं.

याच सुमारास त्याला शोध लागला की क्लासची नावं देवनागरीत देता येतात. येतातच. सीएसएसला त्याचं वावडं नाही. शिवाय गंमत अशी की सीएसएसमध्ये क्लासचं नाव लिहिताना इंग्रजी आकड्याने सुरुवात करता येत नाही, तिरकी रेघ वगैरे देऊन त्याला सोडवून घ्यावं लागतं. आणि मराठी आकड्याने बिनदिक्कत करता येते. सीएसएसच्या लेखी आकडे म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. आपला २ हा त्याला आकडा वाटतच नाही, कुठलंसं परकं अक्षर वाटतं. त्यामुळे ‘२रा-मामा’ हा संपूर्ण वैध क्लास आहे. धाकट्याने तो केला. कऱ्हाडच्या मामांना वेगळा रंग आला. त्यांनी तो मागितला नव्हता.

देवनागरीने मग आपला हिसका दाखवला. नातेसंबंधातल्या आडनावांसाठी त्याने ‘सोयऱ्यांची-नावं’ असा क्लास केला. एचटीएमएल लिहिलं ऑफिसच्या कीबोर्डवर, सीएसएसमधली ओळ कुणीतरी फोनवरून पाठवली ती जशीच्या तशी चिकटवली. रंग लागेना. दोन्ही शब्द शेजारी ठेवून बघितले, भिंग लावून बघितले. वेलांटी न् वेलांटी तीच. भानगड होती ‘ऱ्या’मध्ये. हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, दुसरी, साध्या र चा पाय मोडून मागे एक न दिसणारं जोडअक्षरचिन्ह टाकायचं. डोळ्याला दोन्ही सारखेच. ब्राउझर अक्षरांच्या आकड्यांशी आकडे ताडून बघतो, त्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे सोयरे. जाधव, मोरे, शिंदे हे सगळे कुठल्यातरी दुसऱ्याच ‘सोयऱ्यां’ची वाट बघत काळेच राहिले. क्लासची नावं साध्या रोमन अक्षरांत ठेवावीत असं तेव्हापासून माझं मत आहे. मराठीचा अभिमान बाळगायला बाकी बऱ्याच जागा आहेत.

पगाराचा प्रश्न तेवढा क्लासने सुटण्यासारखा नव्हता. काही मंडळींना पगार सांगायचा नसतो. कागदावर ती ओळच गाळली की झालं. इथे प्रत्येकाच्या फॉर्ममधून ‘पगार’ हा डीटी येणारच, आणि डीटी आला की मागून निदान एक डीडी यायलाच हवा. नाही आला तर पान तपासणारा व्हॅलिडेटर हटकतो. म्हणून रिकामा डीडी. पण पगारासमोर कोरी जागा दिसली की लोक काय समजतात ते काकूंनी आम्हाला उदाहरणांसह सांगितलं. मग अशी सोय केली की ज्या डीटीच्या पाठीला रिकामा डीडी आहे तो डीटीच दिसणार नाही. मागे कोण उभं आहे ते बघून पुढच्याला लपवणं सीएसएसला आत्ता आत्ता जमायला लागलंय. २०२३च्या डिसेंबरात फायरफॉक्सनेही हॅज हा सिलेक्टर घेतला आणि मोठे ब्राउझर पूर्ण झाले. सगळीकडचे बिनपगारी सुखाने अदृश्य झाले. तीन पानांवर मात्र ‘पगार’ आणि त्यापुढे कोरी जागा तशीच. शोधल्यावर कळलं की फायलींवरून टाइप करणाऱ्या ताईंनी त्या रकान्यात एकदा स्पेसबार दाबला होता. सीएसएसच्या ‘रिकामा’मध्ये स्पेससुद्धा बसत नाही. ब्राउझरच्या लेखी त्या तिघांना पगार होता, थोडासा.

अखेर पान तयार झालं. काकूंनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत वाचलं, मान डोलावली आणि विचारलं, ‘‘टिंब-रेघ कुठाय?’’

टिंब-रेघ म्हणजे मराठी माणूस ‘नाव’ लिहिल्यावर ‘:-’ असं जे काढतो ते. अर्जावर, निमंत्रणावर, शाळेच्या वहीवर, विषय लिहिला की टिंब-रेघ. ती कुठून आली ते विचारू नका, पण ती नसेल तर बायोडाटा पुरा झाल्यासारखा वाटत नाही. काकूंना ‘नाव’ आणि समोरचं नाव यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा बघून ‘दोघांचं काही बिनसलंय’ असं वाटलं. सोपं काम. एचटीएमएलला हातही न लावता सीएसएसमधून प्रत्येक डीटीच्या मागे ‘:-’ चिकटवता येतं, आणि स्क्रीन रीडरने ते वाचू नये असंही त्यातच सांगता येतं. धाकट्याने तसं केलं. पान उघडलं. निम्म्या स्थळांचं सुरेख दिसत होतं. उरलेल्या निम्म्यांचं होतं: ‘उंची :- :- ५ फूट ४ इंच’.

ताईंनी कागद बघून टाइप केलं होतं आणि कागदावर टिंब-रेघ होती. बाबींची नावं हाताने भरायची मुभा असल्यामुळे ती डीटीच्या पोटातच जाऊन बसली. काही ठिकाणी टिंबाऐवजी विसर्ग पडला होता, तिथे ‘उंचीः- :-’. हे सगळं डेटाबेसातूनच साफ करावं असं मी म्हणत होतो. पण धाकट्याने तोवर नवा क्लास लिहून ठेवला होता, ‘चिन्ह-नको’, आणि ज्यांच्या डीटीत आधीच टिंब-रेघ आहे त्यांना तो एकेक करून लावायला बसला होता. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. यादीतली नावं त्यांनी वाचली. देशपांड्यांची मधली मुलगी, पाटलांचा इंजिनिअर, बँकेतला तो. ही सगळी जुनी, वर्गणी वेळेवर भरणारी मंडळी. पहिल्यांदा टाइप झाली ती यांचीच पानं.

‘‘यांचं काढू नकोस,’’ काकू म्हणाल्या. ‘‘पैसे भरलेत त्यांनी. दोनदा येऊ दे.’’

‘चिन्ह-नको’ रद्द झाला. त्या पानांवरच्या डीटींना आता ‘वर्गणीदार’ असा क्लास आहे, आणि परवा एका नव्या गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं की तिप्पट टिंब-रेघेचे किती घेता.